बाभूळ, हिवर, खैर, शमी की वेडी बाभूळ? काटा, साल, पान आणि डोळ्यावरून ओळख

तुमचा प्रश्न असा: मोहोळ तालुक्यातल्या शेतात ओढ्याकाठी, बांधाच्या कोपऱ्यावर, पडीक तुकड्यात आणि विहिरीजवळ अशी चार ठिकाणी वेगवेगळी काटेरी झाडं आहेत. सगळ्यांची पानं चिंचेच्या पाल्यासारखी बारीक. पाऊस उघडल्यावर यंत्र लावून वेडी बाभूळ काढायची आहे, पण तिच्याबरोबर देशी झाडं जायला नकोत. विहिरीजवळचं झाड घरातले शमी म्हणतात, शेजारी वेडी बाभूळ म्हणतात. शिवाय नर्सरीतून शमी म्हणून आणलेलं रोप खरंच शमी आहे का, तेही हवं आहे.

पाठवलेले फोटो पानांचे आहेत आणि अडचण तिथेच आहे. आपल्या माळावरची ही सगळी काटेरी मंडळी शेंगावर्गीय कुळातली, आणि सगळ्यांचं पान दुहेरी विभागलेलं. एक मुख्य दांडी, तिच्यावर समोरासमोर उपदांड्यांच्या जोड्या, आणि प्रत्येक उपदांडीवर दोन्ही बाजूंना बारीक पर्णिका. सोलापूरकडे वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी, आणि वैशाखात पारा चाळिशीच्या वर. अशा उन्हात बारीक पर्णिका कमी तापतात, त्यामुळे वेगवेगळ्या झाडांनी एकच रूप घेतलेलं दिसतं. म्हणून पानावरून सुरुवात करू नका. आधी काटा कुठे बसलाय ते बघा, मग साल, मग पानावरच्या जोड्या मोजा, मग डोळे (म्हणजे जिथून नवी पालवी किंवा फांदी फुटते ते ठिपके) आणि कळ्या. शेंग सापडली तर शंका उरत नाही, पण शेंग नसतानाही काम भागतं.

सोबत दहा पट मोठं दाखवणारं भिंग, मिलिमीटरच्या खुणांची पट्टी, पांढरा कागद, जाड हातमोजे आणि छोटी कात्री एवढं पुरे. प्रत्येक झाडाच्या तीन वेगवेगळ्या फांद्या बघा. फांदी पेन्सिलीएवढी जाड, उन्हात वाढलेली, छातीच्या उंचीवरची किंवा त्याहून वरची घ्या. तोडलेल्या बुंध्यातून फुटलेले धुमारे घेऊ नका. धुमाऱ्यांवर काटे वाजवीपेक्षा लांब येतात, पानं मोठी होतात आणि मोजणी फसते. बांधावरची झाडं दरवर्षी चाऱ्यासाठी छाटली जातात आणि हाताला सगळ्यात आधी धुमाराच लागतो, त्यामुळे ही चूक फार होते.

काटा कुठून निघालाय

फांदी आडवी धरा. पान जिथून निघतं ती गाठ. पान गळून गेलं असेल तर तिथे छोटा व्रण दिसतो, तीही गाठच. दोन गाठींमधला गुळगुळीत भाग म्हणजे कांडं. आता काटा गाठीवर आहे की कांड्यावर, जोडीने आहे की एकटा, सरळ आहे की आकड्यासारखा वाकलेला, एवढं तीन फांद्यांवर लिहून ठेवा.

गाठीवर, पानाच्या देठाच्या दोन्ही बाजूंना, सरळ काट्यांची जोडी असेल तर ते बाभूळ, हिवर, देवबाभूळ किंवा वेडी बाभूळ. जोडी आहे, पण देठाच्या खाली आहे आणि काटे आखूड, मांजराच्या नखासारखे वाकलेले आहेत, तर तो खैर. काटे कांड्यावर कुठेही विखुरलेले, एकेकटे, बुडाशी रुंद आणि आखूड, तर ती शमी. आणि काटा म्हणजे वेगळा अवयव नसून छोट्या आडफांदीचंच टोक टणक, टोकदार झालेलं असेल, कधी त्या काट्यावरच पानं फुटलेली असतील, तर ती सिगमकाठी. काटाच नसेल तर बहुधा सुबाभूळ. पान अखंड, लांबट, विळ्यासारखं असेल तर ऑस्ट्रेलियन बाभूळ, आणि तिथे तर ते पानही नसतं, पानाचा चपटा झालेला देठ असतो.

काटा हा वरवरचा तपशील वाटतो, पण शास्त्रीय वर्गीकरणातही तो महत्त्वाचा ठरला. पूर्वी बाभूळ, हिवर, खैर सगळे अकेशिया या एकाच प्रजातीत धरले जात. २००५ च्या व्हिएन्ना आणि २०११ च्या मेलबर्न इथल्या वनस्पतिशास्त्र परिषदांनंतर अकेशिया हे नाव मुख्यतः ऑस्ट्रेलियातल्या गटाकडे राहिलं. सरळ जोडकाट्यांची बाभूळ आणि हिवर वाचेलियात गेले, आकडेवाला खैर सेनेगालियात गेला. जुन्या पुस्तकात अकेशिया निलोटिका आणि नव्या यादीत वाचेलिया निलोटिका दिसलं तर गोंधळू नका, झाड तेच आहे.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. मोठ्या, जुन्या बाभळीच्या वरच्या फांद्यांवर काटे अगदी कमी असतात, कधी नसतातच, म्हणून "काटे नाहीत, म्हणजे बाभूळ नाही" असं म्हणू नका, खालच्या कोवळ्या फांद्या बघा. आणि वेडी बाभूळ फार बदलती आहे. एका झाडाला पाच सेंटिमीटरचे काटे, तर शेजारच्याला जेमतेम एक. म्हणून लांबीपेक्षा जागा महत्त्वाची.

ओढ्याकाठचं काळपट झाड

ओढ्याकाठी, काळ्या मातीत, काळसर सालीचं झाड म्हणजे बहुतेक वेळा आपली बाभूळच. साल गडद तपकिरी ते काळी, तिच्यावर खोडाच्या लांबीने खोल भेगा, आणि भेगेच्या आत बोट घातलं तर लालसर थर दिसतो. जखमेतून लालसर तपकिरी डिंक येऊन सुकलेला असतो. डिंकाचा खडा दिसला तरी तेवढ्यावर थांबू नका, डिंक याच घराण्यातल्या इतर झाडांनाही येतो.

काटे सरळ, पांढुरके किंवा राखी, कोवळ्या झाडावर पाच सेंटिमीटरपर्यंत, कधी त्याहूनही लांब. पानाच्या मुख्य दांडीवर उपदांड्यांच्या बहुधा ३ ते ६ जोड्या, प्रत्येक उपदांडीवर पर्णिकांच्या १० ते ३० जोड्या. भिंगातून मुख्य दांडीची वरची बाजू बघा. उपदांड्यांच्या जोडीशी, विशेषतः टोकाकडच्या जोडीशी, वाटीसारखी छोटी ग्रंथी दिसते.

फुलाची कळी गोल. हिरव्या मण्यासारखे कळ्यांचे गोळे पानांच्या बेचक्यात दोन-चार मिळून येतात, उमलले की सोनेरी पिवळे, सुवासिक, साधारण एक सेंटिमीटरचे. हा बहर पावसाळ्यात असतो. इथे एक फार उपयोगाची खूण आहे आणि ती कळी असतानाही दिसते: गोळ्याच्या देठावर, साधारण मधोमध किंवा जरा खाली, बारीक खवल्यांचं एक कडं असतं. देवबाभळीत हेच कडं देठाच्या अगदी टोकाला, गोळ्याच्या खाली दडलेलं असतं. देवबाभूळ हे मूळचं अमेरिकेतलं झुडूप. फांद्या नागमोडी, त्यांच्यावर पांढरे ठिपके, शेंग गोलसर फुगीर आणि गडद. ओढ्याकाठी दोन्ही शेजारीशेजारी असू शकतात आणि दोघींचे गोळे पिवळेच, म्हणून कड्याची जागा बघायची.

बाभळीची शेंग मात्र चुकण्यासारखी नाही. बी आणि बी यांच्यामध्ये आवळलेली, मण्यांच्या माळेसारखी, वर पांढुरकी लव. उन्हाळ्यात झाडाखाली शेळ्या-मेंढ्या या शेंगा वेचतात, तिथे एखादी सापडतेच.

तुमच्या ओढ्याकाठी एखादं झाड सरळसोट, फांद्या खराट्यासारख्या वर गेलेलं असेल तर ती रामकाठी बाभूळ, वेगळी जात नाही, बाभळीचाच प्रकार. साल, काटे, पान सगळं बाभळीचं, फक्त फांद्यांचा कोन वेगळा. सावली अरुंद पडत असल्यामुळे बांधावर ठेवायला हीच जास्त सोयीची, तिला हात लावू नका.

बांधाच्या कोपऱ्यावरचं पांढुरकं झाड

वर्णनावरून हा हिवर असावा, पण पडताळून घ्या. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे घरी कन्नड बोलणारे लोक बाभळीला करीजाली आणि हिवराला बिळीजाली म्हणतात, काळी आणि पांढरी. सालीवरून ठेवलेली ही नावं अगदी नेमकी आहेत. हिवराची साल पांढुरकी, पिवळट राखी, तरुण झाडावर बरीच गुळगुळीत आणि पुढे पट्ट्यापट्ट्यांनी सोलून निघणारी.

इथे फसवणूक बुंध्यापाशी होते. जुन्या हिवराचा बुंधा खरखरीत, काळपट होतो. बांध पेटवले जातात तिथे तर धुराने आणखी काळा पडतो. माणूस डोळ्यांच्या उंचीवर साल बघतो आणि बाभूळ म्हणून मोकळा होतो. मान वर करा. डोक्याच्या वर, मनगटाएवढ्या जाडीच्या फांद्या बघा. तिथे फिकट साल दिसली की हिवर. बाभळीच्या तेवढ्याच जाडीच्या फांद्या गडद असतात.

दुसरी खूण आकाराची. मोकळ्या माळावर वाढलेला हिवर वरून सपाट, छत्रीसारखा पसरतो. छाटलेल्या झाडावर मात्र ही खूण चालत नाही.

पानावर उपदांड्यांच्या ४ ते १३ जोड्या, म्हणजे सरासरीने बाभळीपेक्षा जास्त, पण मधल्या आकड्यांवर दोन्ही एकमेकांत मिसळतात. एका पानावर पाच जोड्या मोजून काहीच ठरत नाही. दहा पानं मोजा, वेगवेगळ्या फांद्यांवरची, फांदीच्या मधल्या भागातली. दहापैकी निम्म्याहून जास्त पानांवर सात किंवा अधिक जोड्या आल्या तर कल हिवराकडे. मग भिंग घ्या: हिवराच्या मुख्य दांडीवर उपदांड्यांच्या जवळजवळ प्रत्येक सांध्याशी छोटी गोल, खोलगट ग्रंथी असते. बाभळीत ग्रंथी बहुधा मोजक्याच जोड्यांशी असतात.

कळ्या इथेही गोल, पण मांडणी पूर्ण वेगळी. बाभळीचे गोळे बेचक्यात सुटेसुटे, हिवराचे फांदीच्या टोकाला मोठ्या, फांद्या फुटलेल्या तुऱ्यात, आणि रंग सोनेरी नाही, फिकट मलईसारखा. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून दिवाळीच्या आसपास हिवर असा फुललेला लांबून ओळखता येतो. म्हणजे तुम्ही यंत्र लावणार त्याच सुमारास. शेंग चपटी, अरुंद, किंचित वाकलेली, दहा ते पंधरा सेंटिमीटर लांब, तपकिरी मखमली लवेची. मण्यांसारखी आवळलेली नसते.

खैर, थोडक्यात

तुमच्या वर्णनात खैर दिसत नाही, पण मुरमाड उतारावर एखादा निघू शकतो. आकड्यासारखे आखूड काटे देठाखाली जोडीने, साल गडद आणि लांब अरुंद सालपटांनी लोंबणारी, उपदांड्यांच्या १० ते ३० किंवा त्याहून जास्त जोड्या, फुलं गोळ्यात नाही तर लांबट कणसासारख्या मंजिरीत, शेंग पातळ, चपटी, चकचकीत तपकिरी. जोड्यांची ही संख्या आणि आकडेकाटा एकत्र सापडले की तो बहुधा खैरच. खैर निघाला तर तोडण्याचा विचार परवानगीशिवाय करू नका. महाराष्ट्रातल्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत खैराचं नाव आहे.

विहिरीजवळचं झाड: शमी की वेडी बाभूळ

सगळ्यात जास्त चुका या जोडीत होतात. चुकीचं कारणही समजण्यासारखं आहे. या दोघी एकमेकींच्या जवळच्या नातलग. शमीचं शास्त्रीय नाव प्रोसोपिस सिनेरारिया आणि वेडी बाभूळ प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा, अलीकडच्या याद्यांत नेल्टुमा ज्युलिफ्लोरा. दोघींच्या पानावर उपदांड्यांच्या जोड्या फार थोड्या, १ ते ३, बहुतेक वेळा दोनच. दोघींच्या कळ्या गोल नसतात, लांबट मंजिरीत येतात. दोघी उन्हाळ्यात हिरव्या दिसतात, कारण मुळं खोल जातात. बाभूळ आणि वेडी बाभूळ यांतला फरक एकदा कळला की माणूस पुन्हा चुकत नाही, पण शमी आणि वेडी बाभूळ यांत जाणकारही पानावरून बोलला तर चुकतो.

म्हणून काट्यावर या. वेडी बाभळीचा काटा गाठीवर असतो, पानांच्या झुबक्याच्या दोन्ही बाजूंना, बहुधा जोडीने, कधी एकच. तो फांदीच्या लाकडातून निघतो, बाजूने दाबला तर सहज सुटत नाही. शमीचा काटा गाठीशी बांधलेला नसतो. तो कांड्यावर, गुलाबाच्या काट्यासारखा सालीवर बसलेला असतो: शंकूसारखा, बुडाशी रुंद, किंचित चपटा, जेमतेम तीन ते सहा मिलिमीटर. एका फांदीवर दहा काटे निवडा आणि प्रत्येकाची जागा लिहा. गाठीवर किती, कांड्यावर किती. शमीत बहुतेक सगळे कांड्यावर येतील, वेडी बाभळीत जवळजवळ सगळे गाठीवर. दहातले पाच-पाच आले तर तुम्ही गाठी ओळखण्यात चुकताय: जुनी पानं गळालेल्या गाठी राहून गेल्यात. नवी, पानं असलेली फांदी घेऊन पुन्हा मोजा.

आता डोळे. थंड प्रदेशातल्या ओकसारख्या झाडांना फांदीच्या टोकाला खवल्यांचे ठसठशीत डोळे असतात आणि हिवाळ्यात जात ओळखायला त्यांची मदत होते. आपल्याकडच्या या काटेरी झाडांचे डोळे तसे नाहीत. ते बारीक, लवेने झाकलेले ठिपके असतात, काट्याच्या किंवा देठाच्या बुडाशी दडलेले. पण डोळ्याचं पुढे काय होतं, ते वेडी बाभळीत बघण्यासारखं असतं. तिच्या गाठीवरचा डोळा लांब फांदी न होता टणक, खडबडीत गुठळीसारखा वाढतो, आणि त्या एकाच गुठळीतून वर्षानुवर्षं पानांचे झुबके आणि मंजिऱ्या निघत राहतात. दोन काटे आणि मध्ये गुठळी, असं चित्र दिसतं. फांदी गाठीगाठीशी दिशा बदलत नागमोडी जाते. शमीची कोवळी फांदी बारीक, राखी, पुष्कळदा खाली झुकलेली, आणि तिच्या गाठींवर दोन काट्यांच्या मध्ये बसलेली अशी गुठळी नसते.

साल: शमीच्या नावातच राख आहे, सिनेरारिया म्हणजे राखाडी. जुन्या खोडाची साल राखाडी, जाड, उभ्या खोल भेगांची, आणि आडव्या चिरांमुळे खपल्या झालेली. शमी हळू वाढते, त्यामुळे मांडीएवढं खोड असलेली शमी म्हणजे जुनं झाड. वेडी बाभळीची साल करडी तपकिरी, खरखरीत, पण मोठा फरक असा की तिला बहुधा एक खोड नसतं. जमिनीपासूनच चार-पाच वाकडे सोट निघतात. तुमच्या विहिरीजवळच्या झाडाला एकच सरळ बुंधा आहे हे शमीच्या बाजूने जातं, पण फक्त बाजूने. राखलेली, खालच्या फांद्या छाटलेली वेडी बाभूळही एका खोडाची होते.

पर्णिका मोजायच्या तर शमीत उपदांडीवर ७ ते १४ जोड्या, वेडी बाभळीत बहुधा ११ ते २०, कधी त्याहून जास्त. अकरा ते चौदा हा दोघींचा सामाईक पट्टा आहे, तिथे आकडा मुका असतो. पांढऱ्या कागदावर पर्णिका ठेवून भिंगाने बघितलं तर शमीची पर्णिका बुडाशी तिरकी, टोकाला बारीक टोक असलेली आणि करड्या हिरव्या रंगाची दिसते, तर वेडी बाभळीची अरुंद, लांबट आणि टोकाला बोथट.

शमीवर आणखी एक गोष्ट पुष्कळदा आढळते: पानांवर आणि मंजिऱ्यांवर गोल, टणक गाठी. या किड्यांमुळे तयार होतात, फळ नव्हे. झाडाला शेंगा कमी आणि अशा गाठी जास्त दिसल्या तर घाबरू नका, औषध फवारू नका.

मंजिरी आणि शेंग मिळाली तर वाद संपतोच. शमीला चैत्र-वैशाखात नव्या पालवीबरोबर बारीक, फिकट पिवळ्या मंजिऱ्या येतात आणि पुढे सडपातळ, गोलसर, लोंबत्या शेंगा, राजस्थानात ज्यांची सांगरीची भाजी करतात त्याच. वेडी बाभूळ वर्षातून एकाहून जास्त वेळा फुलते. तिची शेंग जाड, चपटी, वाकडी, पिकल्यावर वाळल्या गवताच्या पिवळ्या रंगाची, आणि आतला गर गोड. आत्ता झाडावर काही नसेल तरी खालचा पालापाचोळा उपसून बघा, जुनी शेंग बरेच दिवस टिकते.

पडीक तुकड्यातली झुडपं

जमिनीपासून अनेक सोट, गाठींवर जोडकाटे, मध्ये गुठळी, उपदांड्यांच्या दोन जोड्या, पिवळी शेंग, एवढं जुळलं तर ती वेडी बाभूळ आहे. सोलापूर भागातल्या काही गावांत हिलाच चिलार म्हणतात. चिल्हार नावाची वेगळी, आकडेकाट्यांची वेलीसारखी चढणारी वनस्पती आहे, म्हणून मजुरांशी बोलताना नुसत्या नावावर विसंबू नका, फांदी हातात देऊन दाखवा.

हे झाड अमेरिका खंडातलं, आपल्याकडे १९ व्या शतकात आणलेलं. पडीक जमिनीत ते इतकं दाट होतं की खाली गवत उगवत नाही. नान्नजच्या माळढोक अभयारण्यासारख्या गवताळ माळांना अशा झुडपांचा धोका मोठा, कारण माळढोक आणि धाविक यांसारख्या पक्ष्यांना लांबवर नजर जाईल असं उघडं गवत लागतं. तुमचा पडीक तुकडा माळाला लागून असेल तर वेडी बाभूळ काढल्यावर तिथे दाट झाडी लावू नका, देशीसुद्धा नको. गवत येऊ द्या.

काढताना एकच चूक पुन्हा पुन्हा होते: कुऱ्हाडीने किंवा यंत्राने जमिनीलगत कापणं. बुंध्याच्या जमिनीखालच्या भागात सुप्त डोळे असतात, एक सोट कापला की चार-पाच फुटतात आणि पुढच्या वर्षी झुडूप आधीपेक्षा दाट होतं. मूळ साधारण ३० सेंटिमीटर खोलीपर्यंत उकरून, बुंध्याच्या गड्ड्यासकट बाहेर काढावं लागतं. काळी माती सुकली की दगडासारखी होते, म्हणून हे काम पाऊस उघडल्यावर, जमिनीत ओल असतानाच करा. पिवळ्या शेंगा झाडावर असतील तर गुरं-शेळ्यांना त्या तुकड्यात सोडू नका. बी त्यांच्या पोटातून न पचता बाहेर पडतं आणि शेणातून, लेंड्यांतून नव्या जागी रुजतं. एकदा काढून काम संपत नाही. जमिनीत राहिलेलं बी पुढची काही वर्षं पावसागणिक उगवत राहील, ती रोपं बोटभर असताना हाताने उपटली तर त्रास कमी.

यंत्र येण्याआधी खुणा करून ठेवा. साहजिकच वाटतं की राखायच्या झाडांना खूण करावी. उलट करा. तोडायच्या झाडांना चुन्याचा पट्टा मारा आणि चालकाला सांगा की पट्टा नसलेल्याला हात लावायचा नाही. पट्टा पावसाने पुसला गेला तर एक वेडी बाभूळ राहील, ती नंतर काढता येते. राखायची खूण पुसली गेली तर जुनी शमी किंवा हिवर जाईल, आणि तो भरून यायला एक पिढी लागते. ज्या झाडाबद्दल शंका आहे त्याला पट्टा नको. ते पुढच्या बहरापर्यंत थांबू द्या.

नर्सरीतलं "शमीचं" रोप

फोटोतल्या पानावर उपदांड्यांच्या आठ-नऊ जोड्या दिसतात. एवढ्यावरूनच ते शमी नाही हे नक्की, कारण शमीला तीनच्या वर जोड्या येत नाहीत. नर्सऱ्यांत शमीच्या नावाने सिगमकाठी पुष्कळ विकली जाते, आणि गणपतीच्या पत्रीतही शमी म्हणून तिचीच पानं येतात. पडताळण्यासाठी तीन गोष्टी बघा. काटा आडफांदीच्या टोकाचा झालेला आहे का, आणि त्यावर कुठे पान फुटलंय का. भिंगातून मुख्य दांडीवर उपदांड्यांच्या सांध्यांशी छोट्या देठाच्या, टाचणीच्या डोक्यासारख्या उभ्या ग्रंथी आहेत का, बाभूळ-हिवरासारख्या वाटीच्या नव्हे. आणि फुललं की मंजिरी दुरंगी आहे का: एक अर्धी गुलाबी-जांभळट, दुसरी अर्धी पिवळी, कंदिलासारखी लोंबणारी. शेंगा वळ्यावळ्यांच्या, गुंतलेल्या झुबक्यात येतात.

सिगमकाठी आपल्याच मातीतली आहे, तिला उपटून फेकायचं काही कारण नाही. मात्र ती मुळांतून पसरते आणि झुडपासारखीच राहते, म्हणून बांधावर किंवा पिकाला लागून लावू नका, कुंपणाच्या कोपऱ्यात तिला जागा द्या. खरी शमी हवी असेल तर विहिरीजवळचं झाड शमी ठरल्यावर त्याच्याच शेंगा वाळल्यावर झाडावरून काढा. बी टणक असतं. उकळून खाली उतरवलेल्या, हात लावता येईल इतपत निवलेल्या पाण्यात टाकून रात्रभर ठेवा आणि जे फुगतील तेच पेरा. पिशवी उंच घ्या, निदान फूटभर, कारण शमीचं सोटमूळ पानांच्या आधी खाली धावतं आणि आखूड पिशवीत बुडाशी गोल वळतं. तसं वळलेलं रोप जमिनीत लावल्यावर वर्षभर हिरवं दिसतं आणि दुसऱ्या उन्हाळ्यात वाळतं. पहिली दोन वर्षं वर फारशी वाढ दिसणार नाही, तेवढ्यावरून रोप मेलं असं समजून काढू नका. शेळ्यांपासून कुंपण मात्र पहिल्या दिवसापासून घाला.